गोव्यात आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती मिशन परिषद भरवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, पुणे, अहिल्यानगर, मिरज, कोल्हापूर इकडच्या मंडळ्या आणि संस्था गोव्यात परिषद घ्यायचं ठरवतात, तेव्हा इथे राहणाऱ्या आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांचे फोन वाजू लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला सवड नसेल तर व्हिसा आणि पैसे एवढं तरी वाचा. बाकीचं ऐनवेळी निभावून नेता येतं, ते दोन नाही.

मिशन परिषदेला गोवाच कशाला?

समुद्र हे कारण असेल तर अलिबाग जवळ पडेल. गोव्याचं कारण वेगळं आहे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी इथे उतरले. भारतातला पहिला छापखाना १५५६मध्ये जुन्या गोव्यात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९मध्ये आले, दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत आयुष्य घालवलं आणि ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६मध्ये राशोलला छापलं गेलं. आपल्याकडच्या किती धर्मगुरूंनी आणि पाळकांनी राशोलचा तो डोंगर पाहिला आहे, हे विचारायलाच नको.

याच मातीतून मिशन बाहेरही गेलं. बाणावलीला १६५१मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ १६८७मध्ये मजुराच्या वेषात डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत शिरले. तिथे कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. तिथली विखुरलेली ख्रिस्तसभा त्यांनी पुन्हा उभी केली आणि १७११मध्ये कँडीत देह ठेवला. २०१५मध्ये कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. म्हणजे आशियाई माणसाने आशियात जाऊन केलेलं प्रेषितकार्य, युरोपचा पैसा किंवा फौज पाठीशी नसताना. आजच्या मिशन परिषदांत ज्या विषयावर तासन्‌तास चर्चासत्रं होतात, त्याचं उदाहरण सभागृहापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. ते कार्यक्रमात येणार नसेल, तर गोव्याचा खर्च कशाला करायचा?

तयारी किती आधीपासून?

परदेशी प्रतिनिधी असतील तर दीड वर्ष धरा. आधी तारीख आणि जागा, मग सरकारी मंजुऱ्या, मग वक्ते. वक्त्यांचे फोटो छापून झाल्यावर परवानग्यांच्या मागे धावणारे आयोजक आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचे रक्तदाबही.

परदेशी पाहुणे टुरिस्ट व्हिसावर आले तर चालेल ना? गोव्यात तर सगळे तसेच येतात.

नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याला 'हो' ऐकायचं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परिषदेसाठी परिषद-व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र, केंद्रीय गृह मंत्रालयाची कार्यक्रमाला मंजुरी आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते. मंत्रालयांकडचं काम आयोजकांनी करायचं असतं. प्रतिनिधीने दूतावासात जाऊन ते होत नाही. मंजुरी हातात आली की तिची प्रत प्रत्येक निमंत्रिताला पाठवायची आणि तो ती अर्जाला जोडतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, सुदान अशा काही देशांच्या नागरिकांची छाननी जास्त कडक असते; त्यांची नावं अगदी पहिल्या यादीत घाला.

दुसरी गोष्ट व्हिसा मिळाल्यानंतरची. परदेशी माणसाने चर्च पाहणं, नेहमीच्या उपासनेला बसणं, प्रवचन ऐकणं याला आडकाठी नाही. पण धर्मस्थळात भाषण करणं, धर्मविचारांचा प्रचार करणं, तशी पत्रकं किंवा ध्वनिचित्रफिती वाटणं याला मनाई आहे. धर्मकार्यासाठीच येणाऱ्यांना वेगळा मिशनरी व्हिसा असतो. आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. परिषद शनिवारी संपते, परदेशी वक्ते रविवारी मोकळे असतात, आणि जवळच्या मंडळीचे पाळकसाहेब प्रेमाने म्हणतात, "आमच्याकडे दोन शब्द बोलतील का?" त्या दोन शब्दांपायी पाहुण्याचा पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. पाळकसाहेबांना आधीच फोन करा, समजावून सांगा आणि पाहुण्यांना पहिल्या बाकावर बसवायला सांगा. ते प्रार्थनेत सामील होतील, गातील, लोकांना भेटतील. व्यासपीठावर जाणार नाहीत.

आमचे मुख्य वक्ते गोव्याचेच आहेत, आता ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) येतात. त्यांना तर हे लागू नाही?

लागू आहे. ओसीआय कार्डधारकाला मिशनरी स्वरूपाच्या कामासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांच्या बाबतीत ही गल्लत हमखास होते, कारण आपल्या डोक्यात ते परदेशी नसतातच. घर पणजीत सांत-इनेजला असलं तरी पासपोर्ट लिस्बनचा आहे.

परदेशी मंडळी खर्चाला हातभार लावायला तयार आहेत. पैसे कुठे घ्यायचे?

परकीय देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा त्या कामापुरती पूर्वपरवानगी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. त्याच दुरुस्तीने आणखी एक वाट बंद झाली : नोंदणी असलेल्या संस्थेनेही आलेली परकीय देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही. "आमच्याकडे नोंदणी नाही, पण अमक्या ट्रस्टकडे आहे, ते घेतील आणि आम्हाला वळते करतील" ही जुनी रीत आता सरळसरळ गुन्हा आहे. कोणी कितीही जवळचं असलं तरी या फंदात पडू नका, त्यांनाही पाडू नका.

दिलाशाची बाब म्हणजे प्रतिनिधी-शुल्क. परिषदेत भाग घेण्यासाठी परदेशी प्रतिनिधीने भरलेलं आणि परिषदेच्याच खर्चाला वापरलेलं शुल्क परकीय देणगी धरलं जात नाही. म्हणून अंदाजपत्रक देणग्यांपेक्षा शुल्कावर उभं करा. श्रीमंत देशांतल्यांना जास्त, आफ्रिका-आशियातल्यांना कमी, भारतातल्या ग्रामीण मंडळ्यांना नाममात्र, अशी चढती भाजणी ठेवली तर कोणी कुरकुर करत नाही. पावतीवर 'प्रतिनिधी-शुल्क' असंच लिहा. कोणी हौसेने वरती शंभर डॉलर दिले, तर ती देणगी झाली.

आणि दानाची पिशवी! रुपयांत दिलेली नोटही परदेशी नागरिकाने दिली असेल तर परकीय देणगीतच मोडते. सामूहिक उपासनेत सवयीने पिशवी फिरते, तीनशे माणसांतली शंभर परदेशी असतात, आणि कोणी काय टाकलं हे देवालाच ठाऊक. हिशेब तपासनीस मात्र तुम्हाला विचारतो. परिषदेच्या उपासनेत दान गोळा न करणं हाच सोपा मार्ग. छापील क्रमातून तो भाग काढून टाका, नाहीतर कोणी तरी स्वयंसेवक पिशवी घेऊन उभा राहतोच.

पाहुण्यांना हॉटेलऐवजी कुटुंबांत किंवा कॉन्व्हेंटमध्ये उतरवलं तर?

जरूर उतरवा, लोक जोडले जातात. फक्त परदेशी पाहुणा कुठेही उतरला, अगदी तुमच्या मावशीच्या घरी, तरी यजमानाने २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात तेच हे. हॉटेलवाले सवयीने करतात, घरचे लोक विसरतात. एक संगणक येणारा तरुण फक्त याच कामाला नेमा.

तारखा कोणत्या धराव्यात?

ऑक्टोबरचा उत्तरार्ध, जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा फेब्रुवारीत कार्निव्हल टाळून. ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी कॅथलिक ख्रिस्तसभा जागतिक मिशन रविवार पाळते, तो साधता आला तर उत्तम. १६ जानेवारीला जोसेफ वाझ यांचा सण असतो, हाही चांगला मुहूर्त.

काय टाळायचं ते जास्त महत्त्वाचं. नोव्हेंबरच्या २०पासून पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, त्यातच २४ तारखेपासून जुन्या गोव्यात झेवियरच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आणि ३ डिसेंबरला फेस्त. नाताळ ते नववर्ष खोल्यांचे भाव विचारूही नका. गुड फ्रायडेच्या जोडसुट्टीला अर्धा महाराष्ट्र गोव्यात असतो आणि स्थानिक पाद्री पवित्र सप्ताहात गुंतलेले. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांत तर गोवा बंदच समजा : स्वयंपाकी, ड्रायव्हर, साउंडवाला, सगळे गावच्या घरी. बाहेरच्या आयोजकांच्या कॅलेंडरवर चवथ एका दिवसाची असते, इथे ती तशी नसते.

झेवियर यांचं शवप्रदर्शन दहा वर्षांतून एकदा होतं. अठरावं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. त्या हिशेबाने २०३४ उजाडेपर्यंत काळजी नाही. निवडणुकीचं गणितही मांडा. मागची विधानसभा निवडणूक फेब्रुवारी २०२२मध्ये झाली. आचारसंहिता लागली की सभागृह आणि परवानग्या दोन्ही अडकतात.

पावसाळ्यात स्वस्त पडेल ना?

पडेल. भिजायची तयारी ठेवा, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं हे रेल्वेने येणाऱ्यांना सांगा.

दाबोळी की मोपा?

तिकीट काढताना हा घोळ हमखास होतो, कारण शहराचं नाव दोन्हीकडे 'गोवा'च दिसतं. दाबोळी दक्षिणेकडे, वास्कोजवळ. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेला पेडणे तालुक्यात. तिथून जानेवारी २०२३पासून विमानं सुरू झाली. मोपाहून पणजी साधारण ३५ किलोमीटर, मडगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. परिषद सासष्टीत असेल तर शक्यतो दाबोळी सुचवा. निमंत्रणपत्रात विमानतळाचं पूर्ण नाव लिहा.

ओला-उबर इथे चालत नाहीत आणि टॅक्सीचे दर ऐकून पुण्याच्या रिक्षावाल्यांबद्दल आदर वाटू लागतो. मिनीबस ठरवा, दोन्ही विमानतळांवर ठरावीक वेळांना फेऱ्या ठेवा. देशावरून येणाऱ्यांना मिरज-लोंढामार्गे गाडी आहे. कोकणपट्टीच्या लोकांना मडगाव, करमळी, थिवी ही स्टेशनं.

जागा कुठे घ्यावी?

तीनशेपर्यंत लोक असतील तर धर्मसंघांची साधनाकेंद्रं आणि सेमिनरी आवारं पाहा. खोल्या साध्या, जेवण घरगुती, प्रार्थनेला जागा हाताशी. गोवा वेल्हाच्या टेकडीवरचं पिलार हे तर मिशनरी संघाचंच घर. तो संघ १८८७मध्ये गोव्यातच स्थापन झाला. अशा ठिकाणी रात्री फाटक बंद होतं, हे तरुण प्रतिनिधींना आधी सांगा. मोठ्या सभेसाठी पणजीची कला अकादमी, मडगावचं रवींद्र भवन, ताळगावचं इनडोअर स्टेडियम. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री १०नंतर ध्वनिक्षेपक बंद, मग कोणाची श्रद्धेची साक्ष कितीही रंगात आलेली असो.

आम्ही प्रॉटेस्टंट आहोत. कॅथलिकांना कळवायलाच हवं का?

कायद्याने नाही, शहाणपणाने हो. गोव्यात ख्रिस्ती म्हणजे बहुतांशी कॅथलिक. पणजीच्या आल्तिनोवर आर्चबिशपांचं निवासस्थान आहे. तिथे पत्र द्या, एका सत्राला प्रतिनिधी पाठवायची विनंती करा. १९१०च्या एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत कॅथलिक नव्हते, ऑर्थोडॉक्सही नव्हते, आणि बाराशेच्या आसपास प्रतिनिधींत आशियाई मंडळ्यांचे वीसही नव्हते. त्या थोडक्यांतले व्ही. एस. अझरया उठले आणि पाश्चात्त्य मिशनऱ्यांना म्हणाले, तुम्ही खूप दिलंत, आता मित्र द्या. पुढे दोनच वर्षांत ते अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. मंचावर कोण बसणार याची यादी करताना हे आठवा. तीन परदेशी पाहुणे आणि आभार मानायला एक गोवेकर, ही रचना आता शोभत नाही.

सगळ्यांनी मिळून प्रभुभोजन घेता येईल?

येणार नाही. कॅथलिक शिस्तीत इतर पंथीयांना सरसकट कम्युनियन देता येत नाही, ऑर्थोडॉक्सांचंही तसंच. एकत्र सांजप्रार्थना, वचनवाचन, गायन ठेवा; मिस्सा आणि प्रभुभोजन पहाटे वेगवेगळ्या ठिकाणी. यावर समितीत दोन बैठका वाया घालवू नका.

फलकावर ठळक अक्षरांत 'मिशन' लिहावं का? लोक काय म्हणतील?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. उत्तर मात्र मोकळेपणाने द्यायला हवं.

२०११च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती २५ टक्के, हिंदू ६६ टक्के. यातल्या हिंदू घरांत मिशनची आठवण पुस्तकातली नाही. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा पोर्तुगीज काळात नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला का न्यावी लागली, हे प्रत्येक पोराला ठाऊक असतं. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाबद्दल शिक्षा देणारं धर्मन्यायालय, १५६०ला सुरू झालं आणि मधली चार वर्षं सोडली तर १८१२पर्यंत चाललं. त्याची मागणी करणारं पत्र खुद्द झेवियर यांनी १५४६मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं. ज्या संताच्या दर्शनाला आजही सर्व धर्मांचे गोवेकर रांगेत उभे राहतात, त्याचंच हे पत्र. दोन्ही खरं आहे, आणि परिषदेत दोन्ही बोललं गेलं पाहिजे. माझ्या मते उद्‌घाटनाच्या दिवशीच या इतिहासावर एक पूर्ण सत्र हवं, आणि त्यात बोलायला एखादा हिंदू गोवेकर अभ्यासक हवा. बाहेरच्या पाहुण्यांना ऐकताना थोडं अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या.

एवढं केल्यावर फलकावर काय लिहायचं हा प्रश्न लहान होतो. लपवालपवी नको : परवानगीच्या अर्जात एक विषय आणि निमंत्रणात दुसरा असं तर मुळीच नको. पोलीस ठाण्याला कार्यक्रमाची प्रत द्या, पंचायतीला कळवा. लोकसंख्येचे आराखडे आणि 'इतके गाव बाकी' छापाचे नकाशे भिंतीवर लावू नका. ते शेजाऱ्यांना कसे दिसतील याचा विचार करा.

शेजारधर्माची गोव्याची आपली रीतही पाहुण्यांना दाखवा. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला हिंदू तेल-मेणबत्ती घेऊन येतात, कारण लोककथेत ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. ईशशास्त्राच्या प्राध्यापकांना हे कोणत्या खान्यात घालावं ते कळत नाही, गोवेकरांना तो प्रश्नच पडत नाही.

जुन्या गोव्याची सहल ठेवावी का?

ठेवा, पण दुपारी बाराला नाही. बॉं जेझू आणि से कॅथेड्रल सगळेच दाखवतात. राशोलची सेमिनरी आणि सांकवाळचं जोसेफ वाझ यांचं स्थान हेही जोडा. सोबत नेहमीच्या गाइडऐवजी इतिहास वाचलेला माणूस द्या.

भाषेचं काय? इंग्रजीत भागणार नाही?

गावाकडून येणाऱ्या पाळकांचं भागणार नाही, आणि ब्राझील-मोझांबिकच्या पाहुण्यांचंही नाही. समकालिक भाषांतराला एका भाषेला दोन दुभाषे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी माणूस थकतो. वक्त्यांकडून भाषणाची प्रत दोन दिवस आधी घ्या. मराठीच्या बूथमध्ये एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट दुभाषा बसवला तर निम्मे वाद मिटतात. रोजच्या उपासनेत कोकणी हवीच. इथल्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची भाषा ती आहे आणि तिची पुस्तकं रोमी म्हणजे रोमन लिपीत असतात, म्हणून गीतांचे कागद देवनागरी आणि रोमी दोन्ही लिपींत छापा.

सांस्कृतिक संध्येला काय?

मांडो आणि देखणी हे गोव्याचे गाण्या-नाचाचे प्रकार असतीलच. सोबत ख्रिस्ती कीर्तन ठेवा. नारायण वामन टिळकांच्या परंपरेतलं कीर्तन करणारे बुवा आजही महाराष्ट्रात आहेत, आणि गोव्याच्या श्रोत्यांना कीर्तन सांगावं लागत नाही. परदेशी पाहुण्यांना गिटार घरीही ऐकायला मिळते.

जेवण?

तीन रांगा : शाकाहारी, मासे, मांस. सोरपोटेल (डुकराच्या मांसाचा पदार्थ) वेगळ्या टेबलावर, पाटी लावून. चालीसाचा काळ (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस) असेल तर शुक्रवारी कॅथलिक मांस घेणार नाहीत. ऑर्थोडॉक्स पाहुण्यांचे उपवास आणखी कडक. सकाळी भाजी-पाव आणि पोई ठेवली की सगळे पंथ एकत्र येतात.

फोटो सगळ्यांचे टाकले तर हरकत काय?

काही प्रतिनिधी अशा देशांतून येतात जिथे मिशन परिषदेतला एक फोटो नोकरी किंवा तुरुंग ठरवतो. नोंदणी अर्जात विचारा, आणि ज्यांना फोटो नको त्यांच्या ओळखपत्राला वेगळ्या रंगाची फीत द्या. फोटोग्राफरला पहिल्या दिवशी उभं करून ती फीत दाखवा. थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा फक्त मंचाकडे.

आजारपण, लसी वगैरे?

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्यांकडे लसीचा दाखला हवा. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. परिषद तोवर आटोपलेली असते. इतर अडीअडचणीला १०८ आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ).

ऐनवेळी सगळंच फिसकटलं तर?

१९३८ची आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद चीनमध्ये हांगचौला व्हायची होती. जपानच्या आक्रमणामुळे ती मद्रासजवळ तांबरमला हलवली, आणि आशिया-आफ्रिकेच्या मंडळ्यांचा आवाज ठळकपणे ऐकू आलेली परिषद म्हणून तीच लक्षात राहिली. तुमच्यासाठी एवढंच : दुसरी जागा कागदावर ठरलेली असू द्या आणि हॉटेलच्या करारात पैसे परत मिळण्याचं कलम वाचून सही करा.

शेवटी जाहीरनामा काढायचाच का?

काढायचा असेल तर मसुदा काही महिने आधीपासून फिरवा. १९७४मध्ये लोझानला झालेल्या जागतिक सुवार्ताप्रसार परिषदेचा जाहीरनामा म्हणजे लोझान करार; त्याचं काम परिषदेच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि प्रत्यक्ष परिषदेतही प्रतिनिधींच्या सूचना घेऊन जॉन स्टॉट यांच्या समितीने तो बदलला. शेवटच्या रात्री चौघांनी बसून लिहिलेला जाहीरनामा कोणी वाचत नाही. त्यापेक्षा एडिंबराने केलं ते करा : पुढचं काम बघणारी समिती नेमा. तिच्यातूनच १९२१मध्ये आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद ही कायमची संघटना उभी राहिली. समितीत हिशेब कळणारा एक माणूस असू द्या, कारण परकीय देणगी घेतली असेल तर वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत भरायचं असतं.

एक दुपार समुद्रावर जायला मोकळी सोडावी का?

सोडा. नाही सोडली तर लोक 'एकविसाव्या शतकातील मिशनपुढील आव्हानं' हे सत्र बुडवून जातील, आणि तेव्हा कोण कुठे आहे याची यादीही तुमच्याकडे नसेल. लाल बावटा असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच जायचं, साडेपाचला बस सुटेल.